वाल नदीवरचा येलोफिश: सोडला, पण वाचला नाही

पार्श्वभूमी

मी गेली अकरा वर्षं जोहान्सबर्गला राहतो आणि त्यातली सात-आठ वर्षं तरी सुट्टीच्या दिवशी पहाटे चारला उठून वाल नदीवर गळ टाकायला जातोय. हे प्रकरण मागच्या डिसेंबरचं, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातलं. ताईचे मिस्टर, म्हणजे आमचे दाजी, कराडहून तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे आले होते. दाजींचं बालपण कृष्णेच्या काठावर गेलेलं, प्रीतिसंगमाच्या खालच्या अंगाला मरळ, वाम, रोहू धरत ते मोठे झालेले, त्यामुळे इथं आल्यावर त्यांना मॉल दाखवण्यापेक्षा नदी दाखवावी असं माझ्या डोक्यात पहिल्यापासून होतं. नावं कुणाचीच देत नाही, ज्या फार्मवर गेलो त्याचंही नाही आणि गाईडचंही नाही. चुका झाल्या त्या माझ्या हातून झाल्या, त्यांचा त्यात काही दोष नाही.

ज्यांना वाल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. म्पुमलांगा प्रांतात ब्रेटेनजवळ ही नदी उगम पावते आणि साधारण 1,120 किलोमीटर पश्चिमेला वाहत जाऊन डग्लसजवळ ऑरेंज नदीला मिळते. अफ्रिकान्स भाषेत हिच्या नावाचा अर्थच मळकट, भुरकट असा आहे आणि पावसाळ्यात ती खरंच तशी दिसते. 1938 साली बांधून झालेल्या वाल डॅमचं पाणी जोहान्सबर्ग पितं, त्या धरणात लेसोथोच्या डोंगरातलं पाणी बोगद्यांनी आणून सोडलेलं आहे, आणि मग शहरांचं सांडपाणी धरणाच्या खालच्या अंगाला परत याच नदीत येतं. 2018 मध्ये तर मैलापाण्याचे पंप बंद पडून परिस्थिती इतकी बिघडली की सरकारला लष्कर पाठवावं लागलं. जलपर्णीही आहे, पवना-इंद्रायणीवाल्यांना वेगळं सांगायला नको. तरीही ही नदी जिवंत आहे, आणि पॅरिस नावाच्या गावापाशी (फ्रान्सचं नव्हे, फ्री स्टेट प्रांतातलं, आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरवर) ती बेटाबेटांतून फुटून खडकांवरून खळाळत जाते तेव्हा बघत बसावं अशी आहे. दोन अब्ज वर्षांपूर्वी इथं एक प्रचंड अशनी पडला होता, त्याच्या खुणा असलेले फ्रेडेफोर्टचे डोंगर त्याच भागात आहेत. हवा खेळती, पाणी दगडांवर आपटून फेसाळणारं, म्हणून इथं येलोफिश टिकून आहे.

येलोफिश म्हणजे आपल्या महसीरचा भाऊबंद. एकाच कुळातले. अंगावर तसेच मोठे मोठे खवले, तशीच ताकद. वालमध्ये दोन जाती मिळतात. लहान तोंडाचा, तो भरपूर आहे, खळाळत्या पाण्यात दगडाखालच्या अळ्या खात फिरतो. आणि दुसरा मोठ्या तोंडाचा, लार्जमाउथ, हा ऑरेंज-वाल खोऱ्याबाहेर जगात कुठे मूळचा नाही. हा मोठा झाला की दुसरे मासे आणि खेकडे खातो, वीस किलोच्या वर जातो, पण वाढतो अगदी सावकाश, मादी अंडी घालण्याइतकी मोठी व्हायलाच सात-आठ वर्षं लागतात. त्यामुळे एक मोठी मादी गेली तर तिची जागा भरून निघायला किती काळ लागेल त्याचा हिशोब तुम्हीच करा. आम्ही गेलो त्या फार्मचा नियमच होता, गेटवरच्या रजिस्टरवर सही करतानाच सांगतात, कार्प न्या, बार्बेल न्या, येलो एकही न्यायचा नाही.

(बार्बेल म्हणजे तोच मागूर ज्याच्या पैदाशीवर आपल्याकडे 2000 सालापासून बंदी आहे आणि तरी चोरून पाळतात. इथला तो मूळ रहिवासी. दाजींना ते बघून धक्काच बसला, म्हणाले, हा इथला होय! आणि उजनीची चिलापीसुद्धा आफ्रिकेचीच, 1952 मध्ये भारतात आणलेली. गंमत म्हणजे तिलापिया हे नावच इथल्या त्स्वाना भाषेतल्या माशासाठीच्या शब्दावरून आलंय, त्लापी. भिगवणच्या बाजारात चिलापी म्हणून ओरडणारी मावशी इथलाच शब्द बोलत असते.)

प्रसंग कसा उभा राहिला

आम्ही शुक्रवारी रात्रीच फार्मवर मुक्कामाला गेलो होतो, मी, बायको, आठ वर्षांचा मुलगा, ताई आणि दाजी. गाईड साठीच्या आसपासचे सोथो गृहस्थ, आम्ही त्यांना न्ताते म्हणतो, तिकडे वडीलधाऱ्या माणसाला तसंच म्हणायची पद्धत आहे. त्यांच्या काठीला सुतळीने एक साधा थर्मामीटर बांधलेला असतो. सकाळी आठला त्यांनी तो पाण्यात बुडवून मला दाखवला, 23 अंश. सकाळ मस्त गेली. मी लहान तोंडाचे चार येलो धरले आणि सोडले, दाजींनी मक्याच्या पिठाचा गोळा लावून दोन कार्प काढले, ते ब्रायसाठी, म्हणजे निखाऱ्यावर भाजायला, ठेवले. इथले लोक मक्याच्या 'पाप'चा, म्हणजे घट्ट शिजवलेल्या पिठाचा, गोळा लावतात, दाजी कणकेचा लावायचे, त्यामुळे त्यांना पाच मिनिटांत जमलं.

बारा वाजता न्तातेंनी परत थर्मामीटर बुडवला. 26. आठवडाभर पाऊस नव्हता, पाणी उतरलेलं, वारा पडलेला. ते म्हणाले, आता थांबा, पाणी गरम आहे, मोठा मासा लागला तर दमेल, चारनंतर ढग येतील तेव्हा परत या.

मी थांबलो नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं दिवसाचे पैसे भरलेत, दाजी परत कधी येणार, चार वाजता वादळ आलं तर दिवस संपलाच, त्यामुळे मी न्तातेंना म्हटलं की आम्ही फक्त कार्पसाठी टाकतो, येलोच्या मागे लागत नाही. ते काही बोलले नाहीत. हा पहिला निर्णय आणि माझ्या मते पुढचं सगळं इथूनच ठरत गेलं.

कार्पसाठी मी दाजींच्या हातात जो रॉड दिला होता त्याला तीन किलोची लाइन होती, म्हणजे तीन किलोच्या ताणापर्यंत टिकणारी दोरी. हलका रॉड, मजा येते म्हणून. दीडच्या सुमाराला कार्प लागेनात म्हणून दाजी काठाचे दगड उलटे करायला लागले आणि त्यांना खेकडा सापडला. कृष्णेला मोठ्या माशाला खेकडा लावायची सवय, त्यांनी नांग्या मोडून तो गळाला लावला आणि बेटाच्या खालच्या डोहात, जिथे खळाळ संपून पाणी काळं होतं तिथे बरोब्बर टाकला. मी बघत होतो. खेकडा हे लार्जमाउथचं आवडतं खाणं आहे हे मला माहीत होतं. मी त्यांना सांगू शकलो असतो की दाजी, खेकडा नको. सांगितलं नाही, कारण त्यांनी स्वतःच्या डोक्याने काढलेली गोष्ट होती आणि त्यांचा चेहरा इतका खुलला होता की बस.

दाजी आपल्याकडे करतात तसं करत होते. मासा ओढायला लागला की घाई करायची नाही, खाऊ द्यायचं, नीट गिळला की झटका द्यायचा. खायचा मासा असेल तर ती पद्धत अगदी बरोबर आहे, गळ खोल बसतो, सुटत नाही. सोडायचा मासा असेल तर तीच पद्धत त्याच्या जिवावर उठते. हा फरक मी त्यांना सकाळीच सांगायला हवा होता.

लागला तेव्हा रीळ जो किंचाळला तो आवाज मुलाला खोलीपाशी ऐकू गेला. पंचवीस मिनिटं चाललं. तीन किलोच्या लाइनवर त्याला जोर लावून ओढताच येईना, ओढलं तर तुटणार, त्यामुळे तो पळतोय, दाजी सोडतायत, परत गोळा करतायत. काठावर आम्ही सगळे ओरडतोय. पंचवीस मिनिटांनी तो कुशीवर झाला आणि न्ताते कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्याला जाळ्यात घेऊन आले.

पितळी रंग. खरंच घासलेल्या पितळेसारखा, पाठीवर ऑलिव्ह आणि पोटाकडे पांढरट सोनं, एकेक खवला रुपयाएवढा. तोंड पुढे आलेलं, डोकं चपटं, लहान तोंडाच्या येलोसारखं खाली वळलेलं नाही. न्ताते फक्त एवढंच म्हणाले, लार्जमाउथ. मग तोंडात बघून म्हणाले, गळ आत आहे.

समोर कोणते पर्याय होते

इथं आमच्यात खरा प्रश्न उभा राहिला, आणि तो मला इथं नीट मांडायचाय, कारण तेव्हा काठावर तो दोन मिनिटांत उरकला गेला.

दाजींचं म्हणणं सरळ होतं, ठेवूया. ते चिडून वगैरे नव्हते, मनापासून विचारत होते. म्हणाले, "खायचा नाही तर त्याला धरला कशाला? एवढा दमवला, तोंडात लोखंड घातलं आणि आता सोडून द्यायचं, याला काय म्हणायचं? आम्ही महाडजवळ वाळण कोंडीला गेलो होतो, काळ नदीच्या डोहात एवढाले महसीर, वरदायिनीचे म्हणून कुणी गळ टाकत नाही, चुरमुरे टाकून हात जोडतात. ते मला कळतं. देवाचा आहे ना, मग धरूच नका. पण धरून सोडायचं हे मला कळत नाही." मी त्यांना म्हटलं की दाजी, फार्मचा नियम आहे आणि हा मासा फार थोडा उरलाय. ते लगेच म्हणाले, नियम असेल तर विषय संपला, न्तातेंना त्रास नको. म्हणजे ठेवायचा पर्याय तिथेच गेला. पण त्यांच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, नियम पुढे केला.

दुसरा पर्याय न्तातेंचा. मासा जाळ्यातच, पाण्यातच ठेवा, तोंडापाशी लाइन कापा, गळ आत राहू द्या, फोटो पाण्यातच काढा, सोडा. खोल गेलेला गळ काढायच्या खटपटीत जेवढी इजा होते तेवढी तो आत ठेवल्याने बहुतेक वेळा होत नाही, गळ हळूहळू गंजतो किंवा सुटून येतो. हे मलाही वाचून माहीत होतं.

तिसरा पर्याय माझा, आणि तोच आम्ही केला. आधी गळ काढून बघू, वजन करू, दाजींचा हातात धरून एक नीट फोटो घेऊ, मग सोडू. मला तेव्हा वाटत होतं की गळ आत ठेवणं म्हणजे माशावर अन्याय, काढला तर तो मोकळा होईल. आणि फोटो तर हवाच होता. कराडला परत जाऊन दाजी तो सगळ्यांना दाखवणार होते, आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा.

चौथा पर्याय तेव्हा कुणाच्या डोक्यातच आला नाही, तो मला नंतर सुचला आणि आजही अस्वस्थ करतो. मासा जगणार नाही असं दिसत असेल तर न्तातेंना स्पष्ट विचारून, मालकाला फोन करून, तिथेच एका फटक्यात त्याला संपवायचा आणि तो कुणाच्या तरी ताटात जाऊ द्यायचा. नियम माशाला वाचवण्यासाठी असतो. मरणारा मासा नियमाच्या नावाने परत पाण्यात ढकलणं हे त्याला वाचवणं आहे का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

काय केलं

मी लांब चिमटा घेऊन गळ काढायला गेलो. पाण्याबाहेर. मासा वाळलेल्या गवतावर ठेवलेला, ऊन डोक्यावर. पहिल्यांदा चिमटा घसरला. दुसऱ्यांदा गळ धरला आणि ओढला तेव्हा तो हलला नाही, पण कल्ल्यातून रक्ताची एक बारीक धार आली. न्ताते म्हणाले, पुरे. मग मी लाइन कापली, साधारण बोटभर बाहेर लोंबत राहिली. म्हणजे शेवटी जे पहिल्यांदा करायला हवं होतं तेच केलं, फक्त मधे त्याची इजा करून.

मग वजन. काट्याला अडकवून उभा लटकवला, 6.8 किलो. लांबी 78 सेंटिमीटर. मग दाजींनी हातात घेतला, तो निसटून गवतावर पडला, परत उचलला, बायकोने फोन आडवा धरला होता तो उभा केला, मुलगा मधे आला, त्याला बाजूला केलं, ताई म्हणाली अजून एक. फोटोंच्या वेळा मी नंतर फोनमध्ये बघितल्या. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत तीन मिनिटं दहा सेकंदांचं अंतर आहे. आणि गळ काढायच्या खटपटीचा वेळ त्याच्या आधीचा, तो वेगळाच. पंचवीस मिनिटं पळून धाप लागलेल्या माणसाचं नाक-तोंड चार-पाच मिनिटं दाबून धरावं, असंच ते झालं. हे लिहितानाही मला वाईट वाटतंय.

पाण्यात ठेवला तर तो उलटा झाला. पोट वर.

इथून पुढचं न्तातेंनी केलं आणि ते मात्र नीट बघून शिकण्यासारखं होतं. आम्ही लोक अशा वेळी माशाला पुढे-मागे हलवतो, कल्ल्यातून पाणी जावं म्हणून. न्तातेंनी मला हातानेच थांबवलं. मागे ओढलं की पाणी कल्ल्यात उलटं शिरतं, त्याने नुकसानच होतं. त्यांनी माशाला खळाळाच्या कडेला नेलं जिथे पाणी फेसाळतं, एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पुढच्या पंखांच्या खाली पोटाला नुसता टेकवलेला, तोंड प्रवाहाकडे. आणि मग हललेच नाहीत. वीस मिनिटं. पंचवीस मिनिटं. मधे एकदा त्याचे कल्ले इतके मंद झाले की मला वाटलं संपलं. दाजी स्वतःहून पाण्यात उतरले आणि न्ताते आणि माशावर सावली पडेल असे उभे राहिले, कुणी सांगितलं नव्हतं. पस्तीस मिनिटांनी त्याने शेपटी हलवली, न्तातेंचा हात सैल झाला आणि तो स्वतःच्या ताकदीने डोहात उतरला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मला खरंच वाटलं की जमलं.

निकाल

दुसऱ्या दिवशी पहाटे दाजी चहाचा कप घेऊन एकटेच नदीवर गेले होते. साडेसहाला परत आले आणि मला म्हणाले, चल जरा. डोहाच्या खाली शंभर-दीडशे पावलांवर, जिथे पाणी काठाला वळून फिरतं तिथे तो लव्हाळ्यात अडकलेला होता. दुसराच असेल म्हणायला जागा नव्हती, तोंडातून बोटभर लाइन लोंबत होती. डोळा पांढुरका झालेला, पितळी रंग जाऊन सगळा राखाडी, आणि शेपटीच्या पंखाला दोन खेकडे लागलेले.

न्ताते आले. त्यांना गळ कुठे होता ते बघायचं होतं, त्यांनी चाकूने पोट उघडलं. गळ घशाच्या खाली होता आणि माझ्या ओढण्याने तिथे फाटलं होतं, काळं रक्त साकळलेलं. आणि खाली दोन्ही बाजूंनी भरगच्च गाभोळी. पिवळसर दाणे, बोट लावलं तर सुटे होतील इतके तयार. लार्जमाउथ इथं भर उन्हाळ्यात अंडी घालतो, डिसेंबर-जानेवारी त्याच दिवसांत येतात. दाजींना गाभोळी म्हणजे जीव की प्राण, घरी ताई तळून देते तेव्हा ते आधी गाभोळी संपवतात. ते त्या दाण्यांकडे बघत उभे राहिले आणि काही बोलले नाहीत.

रात्रभर गरम पाण्यात पडलेला मासा खाण्यात अर्थ नव्हता. न्ताते म्हणाले नदीतच राहू दे, खेकडे आहेत, बार्बेल आहेत, पाणकावळे आहेत, वाया जाणार नाही. त्यांनी मला रागावलं नाही. मी माफी मागितली तेव्हा ते एवढंच म्हणाले की मी तुम्हाला बारा वाजता सांगितलं होतं.

तो नेमका कशाने मेला हे एका कारणावर ढकलता येणार नाही. घसा फाटला होता हे तर डोळ्यांनी दिसलं. पण तेवढंच नव्हतं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला 15 अंशाच्या पाण्यात लिटरमागे 10 मिलिग्रॅम मावत असेल तर 25 अंशाला 8 च्या आसपास, आणि पॅरिस साधारण 1,400 मीटर उंचीवर, तिथे हवाच विरळ म्हणून तो 7 वर येतो. त्यात वरच्या अंगाने येणारी घाण कुजताना आणखी ऑक्सिजन खाते. पंचवीस मिनिटं झुंजलेल्या माशाच्या अंगात आम्ल साठतं, ते उतरायला कित्येक तास लागतात, आणि त्या तासांत त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. आता हे बघा, रात्री पाण्यातल्या वनस्पती ऑक्सिजन बनवत नाहीत, उलट वापरतात, त्यामुळे पहाटेच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. म्हणजे दुपारी अर्धमेला करून सोडलेल्या माशापुढे सगळ्यात वाईट वेळ अजून यायचीच होती. आम्ही टाळ्या वाजवून ब्रायला बसलो तेव्हा तो कुठेतरी डोहाच्या तळाशी तग धरत असणार.

गेल्या सात-आठ वर्षांत मी सोडलेल्या माशांतले किती असे दुसऱ्या दिवशी मेले असतील, मी बघायला थांबलोच नव्हतो. पोहत गेला म्हणजे वाचला असं मी धरून चाललो होतो. हा एक दिसला कारण आम्ही मुक्कामाला होतो आणि दाजी पहाटे उठतात.

वेगळं काय करता आलं असतं

बाराला थांबायला हवं होतं, बाकी सगळं त्याच्यानंतर. मी नंतर स्वतःचा थर्मामीटर घेतला आणि माझ्यापुरती 24 ची रेघ ठरवली. हा काही कायदा नाही, दुसरा कुणी 23 धरेल, न्ताते सुद्धा आकड्यापेक्षा पाणी उतरलंय का, वारा आहे का, फेस कसा आहे ते जास्त बघतात. पण आकडा ठरवलेला असला की पैसे भरलेत, पाहुणे आलेत, या गोष्टी मधे येत नाहीत, निदान माझ्या येत नाहीत.

लाइनचं म्हणाल तर हलक्या लाइनची मजा ही पूर्णपणे माझी मजा आहे, माशाची नाही. जिथे सात किलोचा मासा लागू शकतो तिथे तीन किलोची लाइन टाकणं म्हणजे त्याला दमवून मारायची तयारी करणं. सहा-सात किलोची असती तर सात-आठ मिनिटांत तो जाळ्यात आला असता. न्तातेंशी नंतर बोललो तेव्हा तेही म्हणाले की वेळ हीच सगळ्यात मोठी गोष्ट.

खेकडा. इथं माझं मत न्तातेंपेक्षा थोडं वेगळं आहे. ते म्हणतात ज्या डोहात लार्जमाउथ आहे तिथे खेकडा लावायचाच नाही. मला वाटतं लावला तरी चालेल, पण गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा आणि पहिल्या ओढीलाच रॉड उचलायचा, गिळू द्यायचं नाही, म्हणजे गळ ओठाला लागतो आणि बोटाने निघतो. मासे जास्त सुटतील. सुटू देत. पण हे खरं की नवख्या माणसाच्या हातात ते जमेलच असं नाही, त्यामुळे पाहुणे असतील तेव्हा न्तातेंचंच बरोबर.

गळ खोल असेल तर हातच लावायचा नाही, लाइन तोंडापाशी कापायची, इथं चर्चेला जागा नाही. मी ओढला नसता तर कदाचित ती जगली असती. कदाचितच, पण तेवढं तरी तिला मिळायला हवं होतं.

फोटो पाण्यातच. जाळं पाण्यात, मासा जाळ्यात, हात ओले, फोन आधीच तयार, आणि उचलायचाच असेल तर पाणी निथळत असेपर्यंत, म्हणजे पाच-सहा सेकंद. वजन करायचं असेल तर ओल्या जाळ्यासकट करायचं आणि जाळ्याचं वजन वजा करायचं, जबड्याला लटकवायचं नाही. गवतावर, दगडावर, वाळूवर ठेवायचा नाही, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्याला बुरशी धरते. हे मी इतरांना सांगत आलोय, लहान येलोच्या बाबतीत पाळतही होतो. मोठा लागला आणि सगळं विसरलो. मोठ्यालाच जास्त गरज असते, कारण तो जास्त वेळ झुंजलेला असतो.

आणि दाजींशी बोलणं. सकाळी गाडीतच त्यांना सांगायला हवं होतं की इथं आपण काय करणार आहोत, का करणार आहोत, आणि त्यांना ते पटत नसेल तर फक्त कार्पच्या पाण्यात जाऊया. त्यांना न विचारता मी त्यांना अशा खेळात उतरवलं जो त्यांना मुळात मान्य नव्हता, आणि मासा हातात आल्यावर नियम सांगितला. त्यांच्या पद्धतीत चूक नव्हती, ती दुसऱ्या हेतूसाठी होती.

त्यानंतर

मार्चमध्ये मी आणि मुलगा परत त्याच फार्मवर गेलो. सकाळी 20 अंश, दहा वाजता 22, अकराला आम्ही आवरलं. तेवढ्यात लहान तोंडाचे तीन येलो लागले, तिन्ही ओठाला, तिन्ही जाळ्यातच सोडवले, मुलाने दर वेळी आधी हात पाण्यात बुडवले आणि मोजत बसला, एक, दोन, तीन. लार्जमाउथ दिसला नाही. डोहाकडे आम्ही टाकलंच नाही.

दाजींना हे फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बरं केलंस म्हणाले. पण त्यांचं मत बदललेलं नाही. ते आता कृष्णेला जातात तेव्हा घरात चौघांना पुरेल एवढं मिळालं की गळ गुंडाळतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाला, मासे गाभोळीवर असतात तेव्हा जातच नाहीत, हे त्यांनी स्वतःच ठरवलंय. धरून सोडायचं मात्र जमणार नाही म्हणाले. मी म्हटलं की दाजी, मी सोडणार, पण तुम्ही विचारलं होतं ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ते म्हणाले, पुढच्या वेळी आलो तर काठावर बसेन, न्तातेंच्या शेजारी, थर्मामीटर माझ्याकडे द्या.